कोमट पाण्याचं बाळ

मी बाहुली बोलतेय. खेळायची नव्हे, शिकायची.

माझ्या अंगावर फ्रॉक नाही, केसांत रिबीन नाही, आडवं केलं की मिटणारे आणि उभं केलं की उघडणारे डोळे नाहीत. माझे डोळे कायमचे मिटलेले. ज्यानं माझा साचा केला त्याला गोंडस बाहुली करायचीच नव्हती. त्याला हवं होतं नुकतंच जन्मलेलं, हातपाय लुळे टाकून पडलेलं, अजून न रडलेलं बाळ. मुलगा की मुलगी, तेही त्यानं ठरवलं नाही. पण आपल्या भाषेत बाहुली म्हटलं की 'ती' होते, म्हणून मी बाईमाणूस झाले. माझी काही तक्रार नाही.

कारखान्यातून निघाले तेव्हा मी घडी घातलेल्या पिशवीसारखी चपटी होते. माझ्या पाठीला एक बूच आहे. ते काढून पोटात कोमट पाणी भरायचं. मग माझं वजन खऱ्या बाळाएवढं होतं, मान लटकते, हात निसटतात. पोट भरलं की मी बाळ, रिकामं झालं की पिशवी. तुम्हा माणसांचंही थोडंफार असंच असतं म्हणा.

छातीत मात्र पाणी नाही, तिथे हवेची वेगळी पिशवी आहे. तोंडावर मास्क नीट बसवून त्याला जोडलेला रबरी फुगा दाबला की छाती वर येते. मास्क तिरका बसला, मान वाकली, की हवा बाजूनं फुस्सकन निघून जाते आणि छाती जागची हलत नाही. बेंबीतून दोन नळ्या निघतात. एक दाबली की नाळेत ठोके लागतात, दुसरी दाबली की मी रडते. त्या दोन्ही नळ्या शिकवणाऱ्या बाईच्या हातात. म्हणजे माझं रडणं आयुष्यभर दुसऱ्याच्या मुठीत राहिलं.

ती पहिली मूठ सिस्टरबाईंची.

सिस्टरबाई डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या दवाखान्यात होत्या. अंगानं आडव्या, आवाजानं खणखणीत, रागावल्या की आधी चष्मा काढायच्या. दवाखान्याच्या मागे पत्र्याची एक खोली होती, मोडक्या खाटा आणि फिनेलचे डबे ठेवायची. त्यांनी ती रिकामी करून घेतली, भिंतीला फळा टांगला, कुठून तरी एक लांब टेबल पैदा केलं. त्याचा एक पाय आखूड होता. त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली. झाली आमची शाळा.

वर्गाआधी त्या स्टोव्हवर पाणी तापवायच्या, कोपर बुडवून बघायच्या आणि मगच माझ्यात ओतायच्या. दवाखान्याचा शिपाई हसायचा. "सिस्टर, बाहुलीला गार काय आणि गरम काय!"

"बाहुलीला नाही रे, शिकणारीच्या हाताला. गार लागलं की हात मागे येतो. कोमट लागलं की हात आपसूक जवळ घेतो."

त्या कोपराचा स्पर्श मला कधीच झाला नाही, तो पाण्याला व्हायचा. तरी आजही आठवतो. का ते सांगता येत नाही.

डोंगरावर दूरदूर वस्त्या होत्या. तिथली माणसं त्या मुलखात सगळ्यांच्या आधीपासूनची, आदिवासी. त्यांची भाषा वेगळी. गाडी अर्ध्या चढापर्यंत जायची, पुढे पायवाट. एखादी बाळंतीण अडली तर तिला झोळीत घालून चौघं खाली आणायचे. आणि एवढं करून खाली आलं की केसपेपर देणाऱ्या खिडकीतला माणूस म्हणायचा, "बाजूला थांबा." त्यांच्या बोलण्याला कोणी तरी फिस्सकन हसायचं. एकदा आलेली बाई दुसऱ्यांदा यायची नाही. बरोबरच आहे, अपमान गिळायला कोण डोंगर उतरेल?

"ती येत नाहीत म्हणून त्यांना नावं ठेवू नका," सिस्टरबाई दवाखान्यातल्या लोकांना सुनवायच्या. "आली तेव्हा आपण काय दिवे लावले ते आठवा." मग त्यांनीच वस्त्यावस्त्यांवर जाऊन सांगितलं, तुमच्यातलीच एकेक बाई निवडून द्या, मी तिला शिकवते. ताप, जुलाब, जखमा, गरोदरपण, बाळंतपण; दवाखाना लांब असला तरी दवाखान्याची अक्कल तुमच्या दारात राहील.

आणि त्या आल्या. पत्र्याच्या खोलीत, बाकाच्या अगदी टोकावर बसलेल्या, पदरानं तोंड झाकून एकमेकींना कोपरानं ढोसणाऱ्या बाया. त्यांच्यातली एक वयस्क बाई तरुणपणी शहरात कामाला होती, तिला दोन्ही भाषा यायच्या. तिला सगळ्या 'दुभाषी मावशी' म्हणू लागल्या. सिस्टरबाई बोलायच्या एक वाक्य आणि मावशी सांगायची पाच. "मावशी, मी एवढं बोलले का?" "सिस्टर, तुम्ही कोरडं बोलता, मी कालवून वाढते."

बाकीच्यांची नावं सिस्टरबाईंनीच पाडली. एक भराभर करून मोकळी व्हायची, ती घाईताई. आणि एक होती, जी प्रत्येक वेळी हात वर करून म्हणायची, "थांबा, परत करते." तिचं नाव पडलं थांबाताई. माझी गोष्ट म्हणजे खरं तर तिचीच गोष्ट.

मला पहिल्यांदा टेबलावर ठेवलं तो दिवस आठवतो. सगळ्या हसत होत्या. सिस्टरबाई म्हणाल्या, "हे बाळ आत्ता जन्मलं. रडत नाही. हलत नाही. काय कराल?"

हसणं थांबलं. दुभाषी मावशीनं विचारलं, बायांनी हळू आवाजात उत्तर दिलं. मावशी म्हणाली, "सिस्टर, आमच्याकडे याला म्हणतात, दारातून परत गेलं. मग कापडात गुंडाळतात. आईला दाखवत नाहीत."

सिस्टरबाईंनी चष्मा काढला, पण रागावल्या नाहीत. पुसून परत घातला. "परत गेलं नाही गं. दारात उभं आहे. घरात यायचं की नाही, ते त्याचं ठरत नाहीये. अशा वेळी आपण काय करतो? हाक मारतो." त्यांनी मला कापडानं खसाखसा पुसलं, पाठ चोळली, डोकं सरळ केलं. "मान अशी, फूल हुंगतंय तशी. फार वाकवायची नाही, फार ताणायचीही नाही. आणि आता हाक." त्यांनी मास्क माझ्या तोंडावर ठेवला, फुगा दाबला. माझी छाती वर आली. परत दाबला. परत वर आली. मग त्यांनी नळी दाबली आणि मी रडले. कसलं रडणं, रबरी चिमणीसारखं टीं टीं! पण बाकावरच्या बायांचे हात तोंडावर गेले.

थांबाताई उठली आणि बाहेर निघून गेली.

सगळ्या गेल्यावर ती परत आली. सिस्टरबाई माझं पाणी बादलीत ओतत होत्या. तिला आमची भाषा तोडकीमोडकी यायची.

"सिस्टर, निळं असलं तरी?"

"निळं असलं तरी."

"एकदम लुळं?"

"लुळं असलं तरी. सगळी नाही येत गं आत. काही येतात."

"कुठली येतील, ते कळतं?"

"नाही कळत. म्हणून तर सगळ्यांनाच हाक मारायची."

थांबाताई माझ्या रिकाम्या होत जाणाऱ्या अंगाकडे बघत राहिली. "माझं पहिलं असंच होतं," ती म्हणाली. "आईनं गुंडाळलं. सासूनं. वस्तीची बाळंतपणं तीच करते."

सिस्टरबाईंनी बादली खाली ठेवली. उगाच बोलून समजूत काढणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. टेबलावरचं माझं अंग तिच्याकडे सरकवलं आणि म्हणाल्या, "भर परत पाणी. कोमट बघ."

त्या संध्याकाळी थांबाताई पहिल्यांदा माझ्याशी बोलली. त्यांच्या भाषेत. मला ती भाषा येत नव्हती, पण बाळाशी कोणत्याही भाषेत सारखंच बोलतात.

शिकवणीचा पहिला भाग संपला तेव्हा सिस्टरबाईंनी ठरवलं, बाहुली आळीपाळीनं प्रत्येकीच्या घरी जाईल. "हात विसरतात," त्या म्हणायच्या. "डोकं नाही विसरत, हात विसरतात. भाकरी थापायची सोडली तर महिन्याभरात कड फाटते, इथे तर जीव आहे." पहिली पाळी थांबाताईची.

मी तिच्या पाठीवर बांधलेल्या कापडातून डोंगर चढले. रिकामी होते म्हणून हलकी. गाडीतल्या एका बाईनं "झोपलं वाटतं" म्हणून कापड बाजूला केलं आणि जी किंचाळली! ड्रायव्हरनं गाडी थांबवली. सगळं समजावून सांगेपर्यंत थांबाताईला घाम फुटला.

पण खरा घाम पुढे होता.

घराच्या दारात तिची सासू उभी होती. अख्खी वस्ती तिला आजी म्हणायची, कारण वस्तीतल्या बहुतेकांचा पहिला स्पर्श तिचाच. वाळलेल्या शेंगेसारखी बाई, पण हात मोठे, पुरुषासारखे. तिनं मला पाहिलं. मिटलेले डोळे, लुळे हात. त्या दोघींचं बोलणं मला पुढे, त्यांची भाषा कळायला लागल्यावर उमगलं.

"मेलेलं पोर घरात आणलंस?"

"आई, बाहुली आहे. शिकायची."

"माझ्या घरात असली बाहुली नको. इतकी वर्षं मी बाळंतपणं केली ती झोपेत नाही केली. आता मला रबर शिकवणार?"

मी गेले शेळ्यांच्या गोठ्यात. तिथे खुंटीला टांगलेली. थांबाताई कामं उरकून यायची, पाणी भरायची, गवताच्या भाऱ्यावर मला ठेवून हात बसवायची. पुसायचं, चोळायचं, मान, मास्क, फुगा. "थांब, परत करते." आता ती हे शेळ्यांना सांगायची. त्यातल्या एका शेळीनं एकदा माझी डावी टाच चावली. रबराला भोक पडलं, सगळं पाणी गवतात. थांबाताईचा नवरा सायकली दुरुस्त करायचा, त्यानं पंक्चरचं ठिगळ लावलं, पाण्याच्या घमेल्यात बुडवून बुडबुडे येतात का ते पाहिलं आणि गंभीरपणे म्हणाला, "हवा धरली." लेकरू झाल्यासारखा आनंद त्याच्या तोंडावर.

आजी मात्र माझ्याकडे ढुंकूनही बघायची नाही. निदान तसं दाखवायची. सासूसुनेत बोलणं कामापुरतं उरलं होतं. सून शिकून आली तेव्हापासून तिच्या पोटात काय खदखदतंय, ते म्हातारीला कळत नव्हतं असं नाही. दोघी एकाच चुलीशी बसायच्या आणि मधे ते न रडलेलं पोर बसलेलं असायचं.

एका दुपारी घरात कुणी नव्हतं. आजी गोठ्यात आली. शेळ्यांना पाला टाकला, उगाच एकीचं दावं तपासलं. मग मला खुंटीवरून काढलं. पाणी तिनं घरूनच आणलं होतं, झाकून. कोमट.

तिनं मला हातात घेतलं आणि मला कळलं, हे हात वेगळे आहेत. सिस्टरबाईंचे हात शिकवणारे, थांबाताईचे शिकणारे. हे हात नुसते जाणणारे. डोक्याखाली तिचा तळवा असा बसला, जणू तिथेच उगवला होता. तिनं मला पुसलं, पाठ चोळली. सुनेला दारातून चोरून पाहिलं असणार, कारण मास्क तिनं बरोबर बाजूनं धरला. फुगा दाबला. हवा बाजूनं गेली. तिनं मान थोडी सरळ केली, परत दाबला.

माझी छाती वर आली.

आजीचा हात थांबला. मग तिनं परत दाबला, परत, परत. प्रत्येक वेळी छाती वर यायची आणि प्रत्येक वेळी तिचा चेहरा खाली जायचा. शेवटी ती गवतावर बसली, मला मांडीवर घेऊन. त्यांच्या भाषेत बोलली, पण एव्हाना मला ती भाषा थोडी समजू लागली होती.

"म्हणजे तुम्ही यायला तयार होता," ती म्हणाली. "मीच दार लावून घेतलं."

ती 'तुम्ही' म्हणाली. एकट्या मला नाही. किती जणांना, कोण जाणे.

थांबाताई दारात उभी होती. केव्हा आली, ते आम्हा दोघींनाही कळलं नाही. आजीनं मान वर केली नाही.

"तुझं पहिलं..."

"आई, राहू द्या."

"राहू कसं देऊ? या हातांनी बांधलं मी त्याला."

थांबाताई आत आली. मला वाटलं, आता ती म्हातारीच्या गळ्यात पडेल. तसं झालं नाही. ती समोर उकिडवी बसली. "मला राग आहे, आई. सिस्टरनी सांगितलं त्या दिवसापासून आहे. जाईल की नाही, माहीत नाही." तिनं माझा निसटलेला हात उचलून पोटावर ठेवला. "पण मला कुणी तरी शिकवलं. तुम्हाला कुणी शिकवलं नाही. तुम्ही खाली गेला असता तर तुम्हाला बाजूला उभं केलं असतं."

आजी डोळे पुसत नव्हती. तिचे हात माझ्याखाली होते.

"ते आलं असतं का गं?" तिनं विचारलं.

"माहीत नाही. कुणालाच नाही माहीत." थांबाताईनं मास्क उचलला. "धरा परत. करंगळी हनुवटीखाली. डोळ्यांवर मास्क जाऊ द्यायचा नाही."

त्या दिवसापासून मी घरात राहायला आले. चुलीशेजारच्या खुंटीवर. उबेला.

आजीची लेक, म्हणजे थांबाताईची नणंद, त्याच दिवसांत बाळंतपणासाठी आईकडे आली होती. थांबाताईनं तिला तपासलं आणि निक्षून सांगितलं, कळा सुरू व्हायच्या आधीच खाली दवाखान्याजवळ राहायला जायचं. आजीही हो म्हणाली. सामान बांधून झालं होतं. पण बाळं कुणाचं वेळापत्रक पाळतात? निघायच्या सकाळीच कळा लागल्या आणि अशा भराभर आल्या की झोळी बांधायलाही उसंत मिळाली नाही.

मी खुंटीवर होते, रिकामी. सगळं पाहिलं.

आजी पायाशी, थांबाताई तिच्या शेजारी. स्वच्छ कापडं उन्हात तापवलेली, ब्लेड, दोरा, फुगा, मास्क, सगळं परातीत मांडलेलं. नवरा बाहेर, हाक मारली की पळायला तयार. ऊन दारातून आत आलेलं. नणंद ओरडत होती, आजी तिला शिव्याही देत होती आणि कुरवाळतही होती. आणि मग बाळ आलं. मुलगी.

रडली नाही.

ती मुलगी अगदी माझ्यासारखी होती. मिटलेले डोळे. निसटणारे हात. निळसर. आयुष्यभर मी जिची नक्कल केली ती ही, असं मला वाटलं, आणि नक्कल केल्याची मला लाज वाटली.

थांबाताईनं पुसलं. पाठ चोळली. काही नाही. आजीनं नाळ बांधून कापली. थांबाताईनं मास्क ठेवला, फुगा दाबला. छाती हलली नाही. परत दाबला. हवा बाजूनं गेली, मला तो आवाज ओळखीचा. थांबाताईनं मास्क उचलून परत टेकवला. ओठ हलले, आणि ती आता काय म्हणणार ते मला माहीत होतं.

"आता थांबा म्हणू नकोस," आजी म्हणाली. "तू दाब. मान माझ्याकडे."

ते दोन मोठे हात पुढे आले. एक तळवा डोक्याखाली बसला, एक घडी घातलेलं कापड खांद्याखाली सरकलं. मान तशी झाली, फूल हुंगणारी. थांबाताईनं मास्क घट्ट धरला. दाबला.

छाती वर आली.

"आली," आजी म्हणाली. "दाब."

कोपऱ्यात नणंद विचारत होती, "काय झालं? आई, रडत का नाही? मला दाखवा." आणि आजी, जिनं आजवर कोणत्याही आईला असं बाळ दाखवलं नव्हतं, ती म्हणाली, "दाखवते. बघ. दारात आहे. तूही हाक मार."

मग नणंदेनं हाक मारली. नाव ठेवलेलं नव्हतं, त्यामुळे नुसतंच "ए बाळा, ए माझ्या बाळा." थांबाताईचा हात एका लयीत चालला होता, न घाई, न खंड. छाती वर, खाली. वर, खाली. ओठांभोवतीचा निळा रंग आधी करडा झाला, मग गुलाबी. एक पाय आखडला. आणि नाकातून एक घुसमटलेला, शिंकेसारखा आवाज आला, मग एक उसासा, आणि मग ते रडणं.

माझं टीं टीं कुठे आणि ते कुठे! छपराचे पत्रे हलले.

आजीनं बाळ लेकीच्या छातीवर ठेवलं, वरून कापड घातलं. मग ती बाहेर जाऊन उन्हात बसली. थांबाताई सगळं आवरून तिच्या शेजारी जाऊन बसली. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. पण दारातून दोघींच्या पाठी दिसत होत्या, आणि मधे कुणाला बसायला जागा नव्हती.

पुढची काही वर्षं माझ्या भरभराटीची. मी वस्तीवस्तीवर गेले, कुणाच्या पाठीवर, कुणाच्या टोपलीत. घाईताईच्या घरी तिच्या नातवंडांनी मला टोपी घातली. पत्र्याच्या खोलीत आजीसुद्धा यायला लागली, शिकायला की शिकवायला, ते कुणी विचारलं नाही. "मान," एवढाच तिचा विषय. कुणाची चुकली की टिचकी. सिस्टरबाई आणि ती, दोघी एकाच बाकावर बसून एकाच कपातला चहा वाटून प्यायच्या. एकीची भाषा दुसरीला धड यायची नाही, पण तक्रारी सारख्याच होत्या: गुडघे आणि हल्लीच्या सुना.

मग सिस्टरबाई निवृत्त झाल्या. शेवटच्या दिवशी त्यांनी माझं पाणी काढलं, आतून बाहेरून कोरडं केलं, टाचेच्या ठिगळावर बोट फिरवलं. नव्यानं आलेल्या बाईंना म्हणाल्या, "बूच नीट लावत जा हिचं." चष्मा काढला आणि गेल्या.

नव्या बाईंची लवकरच बदली झाली. वर्ग बंद पडले. मला कपाटात ठेवलं, कुलूप लावलं. अंधारात रबर चिकट होतं, हे मला तेव्हा कळलं. पण माझ्या रबराचं काय एवढं? बाहेर हात विसरत होते. घाईताईच्या वस्तीत एक बाळ आत आलं नाही. तिनं सगळं केलं, पण मास्क कसा धरायचा यात तिचा वेळ गेला. कदाचित ते तसंही आलं नसतं. घाईताईला कोण हे समजावणार? तिनं जेवण टाकलं होतं म्हणतात.

हे मला कळलं ते थांबाताईच्या तोंडून. ती आजीला घेऊन खाली आली होती. कपाटाबाहेर तिचा आवाज ऐकला आणि माझ्यात पाणी असतं तर उचंबळलं असतं.

"बाहुली द्या."

"ती दवाखान्याची वस्तू आहे," स्टोअरकीपर म्हणाला. "बाहेर देता येत नाही. खराब झाली तर?"

"बाहुली कपाटात ठेवायची तर बाळंतपणंही कपाटात ठेवा. आम्ही वरून कुलूप आणतो."

आवाज ऐकून नव्या डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. तरुण होत्या. त्यांनी थांबाताईला आधी खुर्ची दिली, मग आजीला दिली, मग विचारलं, काय झालं. सगळं ऐकून घेतलं, घाईताईचंही. "बाहुली तर न्याच," त्या म्हणाल्या. "पण एकट्या बाहुलीनं भागायचं नाही. वर्ग परत सुरू करू. मी येते, पण भाषा मला येत नाही. बोलायचं तुम्ही."

थांबाताई म्हणाली, "थांबा." मग हसली. "बरं, करते."

तेव्हापासून शिकवणारी मूठ तिची झाली. वर्ग आता वरच भरतो, वस्त्यांच्या मधोमध बांधलेल्या आरोग्य केंद्राच्या खोलीत, त्यांच्याच भाषेत. दुभाषी मावशी नाही, आणि लागतही नाही. आजीही गेली. शेवटच्या आजारात ती त्याच केंद्रात होती. जाता-येता माझ्या डोक्याखाली तळवा घालून बघायची, मान ठीक आहे ना. थांबाताईनं तिचं सगळं केलं. राग गेला का, ते मी तिला कसं विचारणार? पण रात्री म्हातारीला कूस बदलून देताना ती मानेखाली हात घालायची, तो अगदी आजीसारखा.

आता माझं म्हणाल तर माझी छातीची पिशवी फाटली आहे. पाणी भरलं तर ठिबकतं. गेल्या वर्षी नवी बाहुली आली. मास्क बरोबर बसला की तिच्या छातीत हिरवा दिवा लागतो. छान आहे ती. पहिल्या दिवशी थांबाताईनं स्टोव्हवर पाणी ठेवलं, कोपर बुडवून बघितलं आणि तिच्यात ओतलं, तेव्हा मला क्षणभर पोटात गलबललं. रिकाम्या पोटातसुद्धा गलबलतं.

टाकून द्या, असं कुणी तरी म्हणालं होतं. थांबाताईनं मला धुतलं आणि बाहेरच्या बाकावर ठेवलं, लस टोचून घ्यायला आलेल्या पोरांना खेळायला. म्हणजे शेवटी मी खेळायचीही झाले. पोरं मला पायाला धरून ओढतात, एकानं मिशा काढल्यात.

आत्ता एका छोट्या मुलीनं मला उचललंय. तिचा दंड टोचून दुखतोय, डोळ्यांत पाणी आहे, पण तिला आता माझी काळजी लागलीय. तिनं स्वतःची ओढणी माझ्यावर घातली आहे. मला मांडीवर घेऊन हलवतेय आणि थोपटतेय.

"शू," ती बाकावरच्या बायांना दटावतेय, "बाळ झोपलंय."

माझा सगळा जन्म मला उठवण्यात गेला. शेकडो हातांनी पुसलं, चोळलं, हाका मारल्या. झोपवलं कुणीच नव्हतं. किती बरं वाटतं, म्हणून सांगू!

तर बायांनो, आता मी जरा पडते. मला उठवू नका. आतल्या त्या नव्या बाहुलीला मात्र निवांत पडू देऊ नका.